मंधातलं मशीन

बसा भाऊ. ती खुर्ची हालते, ही घ्या. चहा येतवर तुमाले आमच्या गुलाबरावाची गोष्ट सांगतो. गोष्ट म्हटली का तुमी म्हणसान, भांडण असन, कोर्टकचेरी असन, कोणाची पोट्टी पळाली असन. तसलं काई नाई याच्यात. एक मानूस भर दुपारी आपल्या दुकानापुढं उभा आहे, बॉक्समधून त्याच्या बायकोचा आवाज येते, अन् तो म्हणते, हे कोन बाई आहे? बस, एवढीच गोष्ट. त्यानं सांगतलं तेवढं मले ठाऊक, बाकीचं त्याचं तोंड पाहून मी जोडलेलं. पण पुरी आयका, मंधात उठू नोका. शेवटी तुमच्याजोळ एक काम आहे.

आमच्या डोणगावात बसस्टँडच्या मांगं टिनाचं एक शेड आहे. पुढं स्पीकरचे काळे बॉक्स एकावर एक रचलेले, अन् पाटीवर निळ्या अक्षरात लिहेल, 'चांगुणा साउंड'. बायकोच्या नावानं धंदा काढणारा गुलाबराव आमच्या गावात पहिलाच. लोक हासले तवा. तो म्हणे, "हासा लेकहो. डबे माहे असतीन, आवाज तर तिचाच आहे ना." अन् खरंच होतं ते. चांगुणाबाई गाणारी. जयंती असो, विहारातला कार्यक्रम असो, कोणाच्या घरचं गेलेल्या मानसासाठीचं पुण्यानुमोदन असो, इकडं साखरखेर्डा अन् तिकडं वडनेर भोलजीपर्यंत बाई पांढरं लुगडं नेसून माइकपुढं उभी राहे, मांगं शेषराव ढोलकीवर, अन् बाजूले मिक्सरपाशी गुलाबराव. बाई वारून आता वर्ष होत आलं होतं. तरी दुसरे साउंडवाले टेस्टिंगले धूमधडाक्याचं काई लावतात, तर हा सदा तिचंच पिंपळाचं गाणं लावे, 'पान हालते वो बाई, झाड हालत नाई', तिनंच जोडलेलं, अन् तिच्या शेवटल्या दिवसात त्यानं भरून ठेवलेलं. कोणी म्हटलं, कशाले जीव जाळता, तर म्हणे, "जीव नाई जाळत. बॉक्स तपासतो."

तर त्या दुपारी त्यानं रॅकमधी नवं मशीन बसवलं. जुनं एका वरातीत जळालं होतं, धूर निघाला तवाच समजलं का हे आता कामाचं राह्यलं नाई. वायरी आवळल्या, पेनड्राइव्ह लावला. पेटी आली, ढोलकी आली, अन् मंग आवाज आला, अन् गुलाबरावाच्या हातातला पेचकस तसाच हातात राह्यला. बारीक आवाज. कोरडा. वरच्या सुरावर जाताना एखादं थकेल मानूस जिना चढताना कठडा धरते, तसा त्या सुराले धरून धरून चढे. शब्द तेच, झाड तेच, पान तेच. बाई दुसरी. त्यानं पेनड्राइव्ह काढला, फुकला, परत लावला. तीच दुसरी बाई. रस्त्यानं एस. टी. गेली, तिच्या आवाजात ते गाणं बुडून गेलं, अन् एस. टी. गेल्यावर बी लवकर वर नाई आलं. चांगुणाचा आवाज कधी एस. टी.खाली दबला होता काय? उलट लोक म्हणत, बाई गाऊन राह्यली म्हणजे ड्रायव्हर हॉर्न वाजवाले भेते. अन् शेषराव, ढोलकीवाला, तो पिंपावर बसून तंबाखू मळून राह्यला होता, तो एकदम उठला. "वा रे वा गुलाब! आज ढोलकी वाजली बे माही! दोन-तीन वर्सं झाले, मी बोंबलून राह्यलो का ढोलकी पत्र्याच्या डब्ब्यासारखी येते, तू म्हणे शेषराव तुहे कान गेले. आता आयक. हे पाहा, हे बारीक चाट, हा जाड घुमारा. कोणाचे कान गेले?" गुलाबरावानं त्याच्याकडं पाह्यलं अन् म्हटलं, "बाईचा आवाज?"  शेषराव थुंकाले भाईर गेला, बऱ्याच वेळानं आला. म्हणे, "बाईचा बी... असाच असन." असन म्हणजे काय? असन म्हणजे काय बे?

आता उलीसं समजून घ्या, नाईतर पुढची गोष्ट हवेत जाईन. गुलाबरावाच्या सिस्टममधी आवाजाचे तीन वाटे होतात. क्रॉसओव्हर म्हणून एक चपटा डबा आहे, तो वाटण्या करते. जाड आवाज एकीकडं, बारीक दुसरीकडं, अन् मंधातला, म्हणजे मानसाच्या बोलण्याचा, गाण्याचा, रडण्याचा, तो मंधात. एकेका वाट्याले एकेक मशीन. अॅम्प्लीफायरले तिथं सारे मशीनच म्हणतात. मशीनचं काम गुणाकाराचं. एक व्होल्ट आत गेला का वीस भाईर. त्याले म्हणतात गेन. गाणं पेनड्राइव्हमधी भरतात ते मिक्सरवरूनच, मशीनच्या आधी, म्हणून त्याच्यात हा गुणाकार येत नाई. तिन्ही मशीनं सारखं गुणतात तवर घर बरोबर चालते. पण एकानं विसाचे चाळीस केले, का वाटणाऱ्यानं कितीबी इमानानं वाटलं असो, ताटात भलतंच पडते. लोक येतात अन् इचारतात, किती वॅटचं मशीन आहे? गुलाबराव म्हणे, "वॅट म्हणजे बैल किती ओझं ओढीन ते. गेन म्हणजे कासरा उलीसा हालवला तर किती पळीन ते. एका गाडीले जुपलेले बैल सारखे पळाले पाह्यजे, नाईतर गाडी नालीत." दरवर्षी जयंतीच्या आधी तो तिन्ही मशीनीइचे बॉक्स सोडवे, तपासणीची एक सपाट शिट्टी आत सोडे, मीटरच्या दोन सुया लावे, अन् वीस, वीस, वीस पाहून मीटर असं ठेवे, जसं लेकरू झोपवलं.

म्हणून त्याच्या मनानं लगेच नव्या मशीनले पकडलं. हेच कमी गुणते. नवी कंपनी, पत्रा चकचकीत, आत काई नाई. त्यानं मीटर घेतला. जाड्या आवाजाचं मशीन, वीस. बारक्याचं, वीस. मंधातल्या, नव्या मशीनले सुया लावताना त्याले वाटे, बारा दाखव बाप्पा, पंधरा दाखव. मशीन खोटं निघालं तर ते बदलता येते. पाच दिवसांवर विहारात कार्यक्रम होता, चांगुणाच्या पहिल्या वर्साचा. सारं गाव येणार होतं, पोरगी बुलढाण्याहून येणार होती, अन् भंतेजीची वंदना झाल्यावर हेच गाणं लागणार होतं. तवर तिले परत आणाचं होतं. मीटरनं वीस दाखवले. सुया हालवून पाह्यल्या. वीस. मीटर काई बोलत नाई, पण मानसाच्या तोंडात मारल्यासारखं करते कधी कधी. तिघं बरोबर. मंग चूक कोन?

जळालेलं मशीन कोपऱ्यात बारदान्याखाली पडेल होतं. जळाल्याचा वास अजून गेला नव्हता. तसाच उलीसा वास दवाखान्यात तिच्या उशीले यायचा, का तो त्याच्याच शर्टाले होता, कोनाले ठाऊक. त्यानं ते उचललं, उलटं केलं. मांगच्या अंगाले नखाएवढं एक सरकतं बटण असते. इकडं केलं का विसाचा गुणाकार, तिकडं केलं का चाळीसचा. ते तिकडं होतं. गुलाबरावाले नवल वाटाले पाह्यजे होतं. नाई वाटलं. तेच वाईट झालं. मानूस घरात घुसल्यावर चोर पाहून दचकते. चोर घरातलाच असला तर दचकत नाई, नुसतं खाली बसते. तो खाली बसला. शेषराव म्हणे, "काय झालं बे?" तो म्हणे, "काई नाई. ऊन लागलं."

वडनेर भोलजी, दोन-तीन वर्सांआधी. जयंतीचा मंडप, दुपारचं ऊन कनातीतून पिवळं पिवळं होऊन खाली पडून राह्यलेलं. मिक्सरवर चांगुणाच्या माइकचा आवाज वरखाली कराची जी कांडी, तिच्या बाजूले तिनं स्वतः नखपॉलिशनं एक लाल रेघ मारेल होती. म्हणे, "या रेघेच्या वर माहा आवाज न्यायचा नाई. गाणारीचा आवाज तिच्या गळ्यानं वाढला पाह्यजे, तुमच्या बोटानं नाई. वर केला तर मले समजते, सांगून ठेवतो." बाई असून कधी कधी सांगतो म्हणे, राग आला का. लोक पाणी प्यायले उठले तरी ती पहिले कांडीकडं पाहे. अन् त्या दिवशी पहिलं गाणं उठलंच नाई. मांगच्या बाया बोलत बसल्या, लेकरं पळत राह्यले. दुसऱ्या कडव्याले तिनं वळून पाह्यलं. पहिले रेघेकडं, मंग त्याच्याकडं. गाणं कसंबसं संपवून ती खाली वाकली. "अवो, आवाज पोचून नाई राह्यला. माही कांडी खाली आली काय?"

"नाई. रेघेवरच आहे."

"मंग?"

त्या 'मंग'मधी जे होतं ते गुलाबरावानं पंचवीस वर्सात पाह्यलं नव्हतं. भूक पाह्यली होती, राग पाह्यला होता, पहिलं लेकरू गेलं ते पाह्यलं होतं. हे नव्हतं पाह्यलं. गाणाऱ्या बाईनं आपल्याच गळ्याकडं असं पाहणं, जसं आपण कुलूप लावून गेलो अन् दार उघडं दिसलं. तो म्हणे, "थांब, वायर ढिली असन." अन् रॅकच्या मांगं गेला. मांगं अंधार, पंख्याची गरम हवा. तिथं तिले काईच दिसत नव्हतं. त्यानं मंधातल्या मशीनचं बटण नखानं सरकवलं. टिक. एवढासा आवाज. पुढं येऊन क्रॉसओव्हरले हात लावला असता तर तिनं पाह्यलं असतं. बटण कोणी पाहत नाई. पुढचं गाणं उठलं अन् मंडप भरला. बाया गप्प झाल्या. चांगुणानं छातीवर हात ठेवला, वळून रेघेकडं पाह्यलं, कांडी जिथल्या तिथं. हासली. गाणं झाल्यावर म्हणे, "पाह्यलं? वायरच होती."

"हाव. वायरच होती."

आजच्यापुरतं, असं मनात होतं त्याच्या. उद्या मांगं घेऊ. पण दुसऱ्या कार्यक्रमाले ती गाडीत बसतानाच गुणगुणून राह्यली होती, आता हिच्या तोंडचं गाणं कोन काढीन? मंग त्यानं रॅकले मांगून पत्रा मारला. धूळ जाते म्हणे. पुढच्या जयंतीच्या आधी मीटर काढला अन् परत ठेवला, सेल गेले म्हणे. सेल दुकानात होते. शेषराव ओरडे, ढोलकी डब्बा झाली. तुहे कान गेले. लग्नातले पोट्टे म्हणत, काका सिस्टम लयच बोंबलते; तुमाले काय समजते बे. विसरला नव्हता तो. मानूस असं काई विसरत नाई. भाजीवर झाकण ठेवते ना बाई, आत काय आहे ते ठाऊक असते, पण झाकण दिसते, भाजी नाई दिसत. आता तर असं झालं होतं का त्याले बी बॉक्समधून येते तोच तिचा आवाज वाटे. घरी ती हळू बोले. भाकर वाढताना नुसती मान हालवे, हाक माराची तर ताट वाजवे. तो समजे, गाणारी बाई आहे, घरी आवाज राखून ठेवते. कधी कधी त्याले त्याचा अभिमान बी वाटे, का पाहा, कशी जपते. पोरगी, धम्मशीला, बुलढाण्याच्या दवाखान्यात नर्स आहे, ती फोनवर म्हणे, "बाबा, आईचा आवाज बसला काय? मले बराबर नाई वाटून राह्यला." तो म्हणे, "फोनमधी साऱ्याइचाच असा येते. इथं ये, बॉक्समधून आयक, मंग सांग." पोरगी आली. मंडपात बसली, आयकलं, अन् मंग परत इचारलं नाई. दवाखान्याचं शिकेल पोरगी, तिले बी बॉक्सनं फसवलं.

अन् मंग, गिळताना दुखाले लागलं तवा, मोठा डॉक्टर. चांगला मानूस होता, हळू बोलणारा. म्हणे, आवाज कधीपासून बसला? गुलाबराव म्हणे, "बसला नाई साहेब. परवा तर गायली. चार गावाचे लोक होते." अन् चांगुणानं बी मान हालवली, "हाव, परवा तर गायली," अन् ते वाक्य तिच्या तोंडातून असं आलं का डॉक्टरनं लिहिता लिहिता मान वर केली, एकदा तिच्याकडं पाह्यलं, एकदा त्याच्याकडं.  गळ्यातली गाठ लय मोठी झाली होती. गुलाबरावाले आता, त्या बारदान्यापाशी बसून, डॉक्टरचे ते डोळे दिसले. तवा त्याले वाटलं होतं, डॉक्टरले गाण्यातलं काय समजते. ती खोटं नव्हती बोलत ना भाऊ. तिनं आयकलं होतं स्वतःले. भरून आलेला, मंडप भरणारा आवाज आयकला होता. ज्या बाईले आपला आवाज आपल्याच कानानं ठणठणीत आयकू येते, ती कशाले जाईन डॉक्टरकडं? साऱ्या जगाले फसवलं असतं तर चाललं असतं. पण जिले पहिले समजाले पाह्यजे होतं, तिच्याच कानात त्यानं ते बटण सरकवलं होतं.

चार दिवस तो जेवला का नाई, कोनाले ठाऊक. दुकान उघडे, गाणं लावे, बंद करे. कधी नव्या मशीनच्या मांगं हात नेई. त्याले बी तसंच बटण होतं. नखाचं काम. टिक केलं का चांगुणा परत. भरलेली, ठणठणीत. बाईच्या वर्सश्राद्धाले, म्हणजे आपलं, पुण्यानुमोदनाले लोकाइले कोणती बाई दाखवाची? ज्या बाईसाठी ते रडणार होते ती, का जी खरंच होती ती? अन् जी खरंच होती ती त्याले तरी कुठं ठाऊक होती?

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी विहारापुढं बॉक्स लागले. शेषरावाले त्यानं सांगतलं होतं एव्हाना, सांगतल्याबिगर राहवलं नाई. शेषराव जातीचा कास्तकार, त्याले देवधर्म वेगळा, पण बाईच्या मांगं सारी जिंदगी ढोलकी वाजवेल. तो रॅकपाशी येऊन हळूच म्हणे, "लाव बे ते बटण. माही ढोलकी होऊ दे डब्बा आज. बाईचा आवाज येऊ दे." गुलाबराव मांगं गेला. तीच गरम हवा, तोच अंधार. नख बटणावर ठेवलं. तितक्यात पत्र्याच्या बाजूनं धम्मशीला आली, पांढरी साडी, आईसारखीच चालणारी. म्हणे, "बाबा, मांगं काय करून राह्यले?"

"काई नाई बाई. वायर ढिली आहे."

अन् आपलंच बोलणं त्यानं आपल्या कानानं आयकलं. माइक नव्हता, बॉक्स नव्हता, कोणी वाटलं नाई, कोणी गुणलं नाई. जसं होतं तसं आलं. त्याचा हात खाली आला. म्हणे, "नाई. ढिली नाई. बरोबर आहे सारं." अन् पुढं येऊन त्यानं गाणं लावलं.

तो बारीक, कोरडा आवाज विहाराच्या अंगणात पडला. पहिले लोकाइले वाटलं, बॉक्स बिघडला. एकदोघं वळून गुलाबरावाकडं पाहाले लागले. मंग हळूहळू मांगच्या बाया पुढं सरकल्या, लेकराइले चूप केलं, अन् सारं अंगण पुढं वाकून आयकाले लागलं, जसं बिमार मानसाच्या तोंडाजोळ आपण कान नेतो. वडनेरच्या मंडपात कोणी असं वाकलं नव्हतं. अंबूबाई, म्हातारी, पदर तोंडाले लावून म्हणे, "माय वो, केवढी थकेल होती लेक. आपल्याले काऊन नाई समजलं?"  पोरीनं बापाचा हात धरला. तिले समजलं का नाई, ते त्यानं मले सांगतलं नाई, अन् मी इचारलं नाई. शेवटचं कडवं आलं. झाड हालत नाई. शेवटचा सूर तिनं कठडा धरून धरून वर नेला, ठेवला, अन् गुलाबराव उभ्या उभ्या वाट पाहाले लागला. कशाची? ते त्याले बी तवाच समजलं. सूर सोडल्यावर ती खोकलणार, मंग म्हणणार, "अवो, पाणी द्या." प्रत्येक गाण्यानंतर म्हणे ती. पण सूर संपला अन् बॉक्स चूप. नुसतं चूप.

साउंडवाल्याची सवय आहे भाऊ. गाणं संपलं का कांडी खाली. खोकला भाईर जाऊ नये, पाणी मागतलेलं जाऊ नये, लोकाइले नुसतं गाणंच गेलं पाह्यजे. आपल्या कामात पक्का मानूस, कधी चुकला नाई. घरी येऊन त्यानं एकेक पेनड्राइव्ह लावला. शेकडो गाणे आहेत तिचे. एकाच्याबी शेवटी खोकला नाई. पाणी नाई. 'गुलाबराव' नाई, 'अवो' नाई, पोरीले मारलेली हाक नाई. गाणं सुरू होते, गाणं संपते, अन् त्याचंच बोट येऊन तिचं तोंड बंद करते. घरात फोन होता, पण घरच्या मानसाचं बोलणं कोन भरून ठेवते? आता तो साउंड वाजवते, लग्नं घेते, तिन्ही मशीनं वीस, वीस, वीस. गाणं मात्र टेस्टिंगले लावत नाई. शिट्टी लावते.

चहा थंडा झाला तुमचा. तर माहं काम असं आहे भाऊ. तुमी गावोगाव फिरता, तुमच्या ओळखी लय. जयंतीले, विहारात, लोक पुढं उभे राहून फोनमधी शूटिंग करतात. गाणं संपलं तरी फोन लवकर बंद करत नाईत. तर इचारा लोकाइले. मेहकरकडं, वडनेरकडं, साखरखेर्ड्याकडं, जिथं जासान तिथं. पांढऱ्या लुगड्यातली, उंच, कपाळ मोठं, चांगुणाबाई म्हणून. गाणं नोको, गाणे आहेत त्याच्याजोळ. गाण्याच्या नंतरचं पाहा. मांगं कुठंतरी, माइकबिगर, कोणाले पाणी मागून राह्यली असन, कोणाले 'बसा वो' म्हणून राह्यली असन. कसाबी असो आवाज, बसेल असो, घोगरा असो, कल्ल्यात बुडेल असो. उलीसा जरी भेटला, तर तेवढा डोणगावले पाठवसान काय?